जर्मन खलाशाच्या टोपीवर टिरोलचा गरुड? बिल्ला ओळखायला मदत हवी

एल्बकाठचा | रविवार, रात्री ९:४०

हॅम्बुर्गला येऊन मला सात वर्षं झाली. रविवारी सकाळी इथल्या जुन्या बाजारात, म्हणजे फ्लोमार्क्टला, चक्कर मारायची खोड त्यातली सहा वर्षं तरी आहे. आज पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून एका आजोबांनी तंबाखूची पत्र्याची डबी चार युरोत देऊन टाकली. आत गुंड्या, दोन किल्ल्या, काही मोडकंतोडकं आणि फोटोतला हा बिल्ला. आजोबा म्हणाले, "पाणबुडीवरच्या खलाशाच्या टोपीचा आहे. टिरोलचा होता पोरगा."

बिल्ला ढालीच्या आकाराचा. व्हर्नियर नाही, पट्टीने मोजला, उंची साधारण २२ मिलिमीटर भरली. पांढऱ्या मीन्यावर पंख पसरलेला लाल गरुड. पाठ पितळी, तिथे काहीतरी काढून टाकल्याची खूण. नाझी चिन्ह कुठेच नाही. असतं तर आजोबांनी त्यावर स्टिकर चिकटवला असता. इथे कलम ८६अ प्रमाणे ते चिन्ह उघड मांडणं गुन्हा आहे, त्यामुळे बाजारातल्या निम्म्या गरुडांच्या पायाखाली रंगीत ठिपके डकवलेले असतात.

टिरोल म्हणजे ऑस्ट्रियातला आल्प्स, तेव्हा जर्मनीत सामील. समुद्र पाहायचा तर डोंगर ओलांडून दुसऱ्या देशात जायला हवं. तिथला पोरगा आपल्या प्रांताचा बिल्ला आरमाराच्या टोपीला लावत असेल का? आणि वरिष्ठ ते चालवून घेत असतील? मला मिळालेल्या अधिकृत याद्यांत असलं काही नाही.

मुठाई | रविवार, रात्री १०:०५

डबी, गुंड्या, किल्ल्या, बिल्ला आणि वर गोष्ट, सगळं मिळून चार युरो. त्यातले साडेतीन गोष्टीचे लावलेत आजोबांनी. :)

नाखवा | रविवार, रात्री ११:३०

मुठाई हसण्यावारी बोलल्या, पण खरं बोलल्या. या धंद्यात वस्तूपेक्षा गोष्ट महाग.

तरी ही गोष्ट अगदीच हवेतली नाही. टोपीपासून सुरू करतो. जर्मन आरमाराच्या खलाशाकडे मुख्य टोप्या दोन. एक गोल, सपाट, रिबिनीची. दुसरी कामाची, घडीची, गडद निळी. तिचं कागदोपत्री नाव बोर्डम्यूत्से, बोलीतलं नाव शिफ्शेन, म्हणजे होडुली. आपली गांधी टोपी डोळ्यांपुढे आणा, निळी करा, जरा तिरकी चढवा, की झाली शिफ्शेन. समोर पिवळ्या धाग्याचा गरुड, खाली काळ्या-पांढऱ्या-लाल रंगांचं गोल कोकार्ड. अधिकृत म्हणावं ते एवढंच. डावी बाजू मोकळी, आणि नियमाबाहेरचा सगळा संसार त्या डाव्या बाजूला.

आता नुसती मोकळी जागा दिसली म्हणून कोणी बिल्ला ठोकत नाही. युद्धापूर्वी गोल टोपीच्या रिबिनीवर जहाजाचं किंवा फ्लोटिलाचं, म्हणजे बोटींच्या तुकडीचं, नाव असे. पाणबुड्यांच्या फ्लोटिलांना पहिल्या महायुद्धातल्या कप्तानांची नावं दिलेली होती: वेडिगेन, साल्त्सवेडेल, हुंडियुस, लोस. पाणबुडीच्या मनोऱ्यावर तिचा नंबर लांबून वाचता येईल एवढा रंगवलेला. १९३९ मध्ये युद्ध लागलं, गुप्ततेसाठी नंबर पुसले गेले आणि रिबिनीवर सरसकट 'क्रीग्समारीने', म्हणजे 'युद्ध-आरमार', एवढंच राहिलं. बंदरातल्या गुत्त्यात दहा बोटींची पोरं बसली तर कोण कुठला ते कळायला मार्ग नाही. खलाशाला तर नेमकं तेच मिरवायचं असतं! मी बत्तीस वर्षं व्यापारी बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली. बॉयलरसूटच्या पाठीवर बोटीचं नाव छापलेलं नसलं तर पोरं मार्करने लिहितात. या पोरांनी मनोऱ्यावर चित्रं काढली आणि त्या चित्रांचे टोपीसाठी बिल्ले केले. बोटीवरच्या मशिनिस्टने फावल्या वेळात कापलेले, नाहीतर तळावरच्या वर्कशॉपमध्ये केलेले. मनोऱ्यावर चित्र काढायला कप्तानाचीच परवानगी, बऱ्याचदा कल्पनाही त्याचीच, मग टोपीवरच्या बिल्ल्याला हरकत कोण घेणार?

गाजलेलं पहिलं चित्र यू-४७ या पाणबुडीचं. १९३९ च्या ऑक्टोबरात, १३-१४ च्या रात्री, तिचा कप्तान ग्युंटर प्रीनने स्कापा फ्लोच्या ब्रिटिश तळात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. आठशेच्या वर माणसं गेली. परतताना त्याचा पहिला पहारा-अधिकारी एंगलबर्ट एंड्रास याने मनोऱ्यावर फुत्कारणारा बैल काढून घेतला. मार्च १९४१ मध्ये प्रीन नाहीसा झाला आणि फ्रान्समधल्या सॅं नाझेरच्या सातव्या फ्लोटिलाने तो बैल आपलासा केला. म्हणून नुसता बैल हातात आला की मी बोटीचं नाव घेत नाही. तो एका बोटीचाही असेल किंवा अख्ख्या फ्लोटिलाचा. त्यातून मेक्लेनबुर्ग प्रांताच्या ढालीवरही बैलाचंच डोकं आहे, काळं, मुकुट घातलेलं, नाकात वेसण. अर्धवट झिजलेला तुकडा असला की लोक हे दोन बैल खुशाल एकाच दावणीला बांधतात.

तुमच्या गरुडाकडे येतो. मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो टाका. आणि गरुडाच्या डोक्याभोवती हिरव्या रंगाचं काही दिसतंय का, ते भिंगातून बघा.

डार्करूम | सोमवार, सकाळी ७:५०

वाखुसा (वाचनखूण साठवली). नाखवाकाका, एक पुस्ती जोडतो. हे बिल्ले जुन्या फोटोंवरून ओळखतात, तिथे दोन फसगती ठरलेल्या. पहिली, निगेटिव्ह उलटी छापलेली असते. बिल्ला उजवीकडे दिसला की लोक 'दुर्मिळ प्रकार' म्हणून नाचतात. त्याच फोटोत कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते पाहिलं की संपलं. दुसरी, रंग. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म पुष्कळ वापरात होती, तिला लाल रंग दिसत नाही. लाल काळा उमटतो, निळा फिकट. यू-५५२ च्या मनोऱ्यावरचे लाल सैतान अशा फिल्मवर काळे येणार. एल्बकाठचांचा लाल गरुडही कुणाच्या टोपीवर असलाच, तर फोटोत काळा दिसेल आणि पाहणारा त्याला प्रशियाचा काळा गरुड म्हणून मोकळा होईल.

शंकेखोर | सोमवार, सकाळी ९:१५

वाचून करमणूक झाली. पण एक विचारतो, राग नसावा. बैल, सैतान, होडुली, सगळं किती गोंडस! ही हिटलरच्या आरमाराची माणसं. त्यांच्या टोपीच्या शोभेवर आपण एवढा वेळ का घालवतोय?

नाखवा | सोमवार, दुपारी १:२०

राग कसला, प्रश्न रास्त आहे. उत्तर एका मांजराने देतो.

यू-४८ चं चिन्ह काळं मांजर, सोबत 'तीनदा' अशा अर्थाची खूण. आपल्याकडे काळं मांजर आडवं गेलं की माणूस चार पावलं मागे येतो. जर्मन पोरांच्या जादूच्या खेळात 'तीनदा काळा बोका' हा छू मंतरसारखा मंत्र आहे, म्हणजे तिथे बोका शुभ झाला. याच यू-४८ ने १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिकात 'सिटी ऑफ बनारस' बुडवली. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला म्हणून ब्रिटनमधून कॅनडाला पाठवलेली ९० मुलं तिच्यावर होती, त्यांतली ७७ गेली. बोटीवरचे बहुतेक खलाशी हिंदुस्थानी लास्कर. त्यांतलेही कितीतरी गेले, आणि त्यांची आठवण फार कमी जणांनी काढली.

त्या रात्री बोटीवर असलेला पहारा-अधिकारी राइनहार्ड सुरेन पुढे यू-५६४ चा कप्तान झाला आणि तोच बोका नव्या बोटीवर घेऊन गेला. हा बिल्ला हातात घेतला की मला आधी बनारस आठवते. गोंडसपणा चित्रात आहे, माझ्या डोक्यात नाही. आणि ज्यांनी ते घातले त्यांचं म्हणाल, तर पाणबुड्यांवर सुमारे ४० हजारांनी काम केलं, त्यांतले ३० हजारांच्या आसपास परतले नाहीत.

शंकेखोर | सोमवार, दुपारी २:०२

बनारसचं माहीत नव्हतं. प्रश्न मागे घेत नाही, पण धागा वाचत राहीन.

वास्कोची_शांता | सोमवार, संध्याकाळी ६:४५

अवांतर होतंय का माहीत नाही, पण विचारतेच. आमच्या वास्कोच्या जुन्या घरात नांगराचं चित्र असलेली एक पितळी टोपी-बकल आहे. आईची आत्या सांगायची, 'जर्मन खलाशाची'. मुरगाव बंदरात जर्मन बोटी होत्या, हे तर सगळ्या वास्कोला माहीत. ती पाणबुडीवाल्यांची असू शकते का हो नाखवाकाका?

नाखवा | सोमवार, रात्री ८:१०

अवांतर मुळीच नाही ताई, आणि आत्याबाई बरोबर सांगत असण्याची शक्यता चांगली आहे. फक्त तो खलाशी आरमाराचा नव्हता. मुरगावला अडकून पडलेल्या एहरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या जर्मन मालवाहू बोटी, जोडीला इटालियन आन्फोरा. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवं त्यांना सुरक्षित वाटलं. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या इंग्रज स्वयंसेवकांनी एहरेनफेल्सवर छापा घातला, कारण तिच्यावरून चोरून वायरलेस चालत असल्याचा संशय होता. चारही बोटी त्यांच्याच खलाशांनी बुडवल्या. हे सगळे व्यापारी आरमाराचे लोक. नांगर तर प्रत्येक दर्यावर्द्याच्या टोपीवर असतो, त्यावरून पाणबुडी ओळखता येत नाही. बकलच्या मागे काही अक्षरं असतील तर कळवा.

खऱ्या पाणबुड्याही आपल्या किनाऱ्याजवळ आल्या होत्या. १९४३ मध्ये 'मोन्सून' नावाचीच तुकडी अरबी समुद्रात पाठवली होती. तिच्यातल्या यू-१६८ ने ऑक्टोबर १९४३ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला 'हायचिंग' ही बोट बुडवली. वर्षभराने जावाजवळ यू-१६८ ला एका डच पाणबुडीने बुडवलं. त्या डच बोटीचं नाव 'झ्वार्डविश', म्हणजे तलवार मासा.

एल्बकाठचा | सोमवार, रात्री ११:१५

ऑफिसातून येताना भिंग आणलं. गरुडाच्या डोक्यामागे, मानेच्या दोन्ही बाजूंना, हिरव्या मीन्याचे कण आहेत! नुसत्या डोळ्यांना तो मळ वाटत होता. डोक्यावर सोनेरी ठिपका, बहुधा मुकुट. पाठीचे तीन फोटो टाकले आहेत. एक बारीक अक्षरांची ओळ पण आहे, GES. पर्यंत लागते... रोमन टाइप केलं, माफ करा, 'गेस. गेश.' असं वाचता येतं.

नाखवा | मंगळवार, सकाळी ६:३०

हिरवं म्हणजे पानांचं कडं. मग गरुड टिरोलचाच. ब्रांडेनबुर्गचा गरुडही पांढऱ्यावर लाल असतो आणि पुष्कळ जण त्यालाच टिरोलचा म्हणून विकतात, पण त्याच्या डोक्यामागे हे हिरवं कडं नसतं. आजोबांची अर्धी गोष्ट खरी निघाली.

उरलेली अर्धी त्या अक्षरांनी पाडली. 'गेस. गेश.' म्हणजे गेझेट्सलिश गेश्युट्स्ट, कायद्याने संरक्षित नमुना. कारखान्यात ठशावर हजारोंनी काढलेल्या विकाऊ मालावर हे असतं. इंजिनरूममध्ये बसून बिल्ला कापणारा मशिनिस्ट नमुन्याची नोंदणी करायला जात नाही.

आल्प्सच्या सगळ्या पट्ट्यात असले ढालीचे बिल्ले पूर्वीपासून विकले जातात. डोंगर चढून आलेला माणूस हॅटला लावतो, काठीवर ठोकतो. युद्धाआधीही होते, नंतरही. दुसरा उगम विंटरहिल्फ्सवेर्कचा, म्हणजे नाझी राजवटीतल्या हिवाळी मदतनिधीचा. रस्त्यावर डबा खुळखुळवत वर्गणी मागायचे आणि २० फेनिग दिले की एक छोटं चिन्ह मिळायचं. दर खेपेला वेगळी मालिका. काचेच्या, लाकडाच्या, पत्र्याच्या, चिनी मातीच्या. बाजारात 'खलाशाचा प्रादेशिक बिल्ला' म्हणून येणारा पुष्कळसा माल या दोन पोतड्यांतला असतो.

हुपरीकर | मंगळवार, सकाळी १०:४०

नमस्कार. मला जर्मन आरमारातलं काही कळत नाही. आमचं चांदीचं काम, आजोबांपासून. पण पाठीचे फोटो बघून राहवेना म्हणून लिहितो.

हा नग ठशाचा आहे. पाठीवर पुढच्या नक्षीची उलटी सावली दिसते, ती पत्र्यावर ठसा मारल्याशिवाय येत नाही. मीना घरात भरून भाजलाय, कड घासून साफ केली आहे, मशीनचं काम. मधोमध झाळ दिसते तिथे पिन होती. पिन तुटलेली नाही, कोणीतरी कापून कानस मारली आहे. कानशीचे ओरखडे उजळ आहेत आणि बाकी पाठ काळवंडलेली. म्हणजे पिन काढणारा हात अलीकडचा. टोपीला लावायची असती तर पिन ठेवली असती की! काढली कशाला?

मुठाई | मंगळवार, सकाळी १०:५५

हुपरीकर, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?

हुपरीकर | मंगळवार, सकाळी ११:१०

दुकान कोण बघणार.

नाखवा | मंगळवार, दुपारी ३:४५

पिन का काढली, त्याचं उत्तर आहे माझ्याकडे. शिफ्शेनवरचे बिल्ले बऱ्याचदा शिवलेले असत, कडेला दोन-तीन बारीक भोकं पाडून, किंवा मागे तारेचे वाकवायचे पाय लावून. आधुनिक पिनवाला माल 'खलाशाचा' म्हणून खपत नाही, हे विकणाऱ्यांना ठाऊक झालंय.

पण एल्बकाठचा, तुमचा मूळ प्रश्न बिल्ल्यापेक्षा चांगला होता, तो असा सोडू नका. डोंगरी माणसाची खूण आरमाराच्या टोपीवर खरंच होती, आणि तिच्यामागे घडलेली हकिकत आहे. थोडी लांबण लागेल.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनांनी नॉर्वेवर चढाई केली. उत्तरेला नार्विकला दहा विनाशिका गेल्या, जनरल डीटलचे डोंगरी सैनिक, गेबिर्ग्सयेगर, घेऊन. १० आणि १३ एप्रिलच्या दोन लढायांत ब्रिटिशांनी दहाच्या दहा विनाशिका संपवल्या. उरलेले अडीच हजारांवर खलाशी किनाऱ्यावर, बोट नाही, कपडे ओले. नॉर्वेजियन कोठारात सापडलेल्या बंदुका आणि गणवेश त्यांना दिले आणि डोंगरी सैनिकांच्या जोडीने बर्फात उभं केलं. खलाशी डोंगरात लढले, जून उजाडेपर्यंत.

त्याच १३ एप्रिलला यू-६४ ही पाणबुडी हेर्यांग्सफ्योर्डमध्ये नांगरून होती. 'वॉरस्पाइट' या युद्धनौकेवरून उडालेल्या स्वोर्डफिश विमानाने तिच्यावर बॉम्ब टाकला आणि ती बुडाली. थंडगार पाण्यातल्या खलाशांना ओढून काढलं ते किनाऱ्यावरच्या गेबिर्ग्सयेगरांनी. या सैनिकांची खूण एडेलवाइस, आल्प्सच्या उंच कड्यांवरचं पांढरं लवदार फूल. १९३९ पासून ते त्यांच्या टोपीवर अधिकृत, जागा डावी बाजू.

यू-६४ चा कप्तान गेओर्ग-विल्हेल्म शुल्त्स याला पुढे नवी पाणबुडी मिळाली, यू-१२४. जुन्या सोबत्यांतले बरेच जण बरोबर होते. मनोऱ्यावर काय रंगवायचं याचा विचार करायची गरजच नव्हती. एडेलवाइस. समुद्राची पातळी कधी न पाहिलेलं फूल समुद्राच्या पोटात गेलं. २ एप्रिल १९४३ ला यू-१२४ बुडाली तेव्हा कप्तान योहान मोर होता. कोणीही वाचलं नाही.

नार्विकच्या लढाईसाठी १९४० मध्ये बाहीवर लावायची एक अधिकृत ढाल निघाली. तिच्यावर एडेलवाइस, नांगर आणि विमानाचा पंखा एकत्र आहेत. आरमारासाठी सोनेरी, बाकीच्यांना चंदेरी. म्हणजे डोंगर आणि समुद्राची सोयरीक सरकारनेही मान्य केली होती, फक्त बाहीवर.

तेव्हा निळ्या टोपीवर एडेलवाइस दिसलं तर तीन वाटा उघडतात. माणूस यू-१२४ चा असेल. नार्विकला डोंगरात लढून आलेला असेल. किंवा कोणा हुशार विक्रेत्याने भूदलाचं फूल आरमाराच्या टोपीवर शिवलं असेल, ते सहज जमतं, फुलं मुबलक मिळतात. चौथी पायवाटही आहे, किनारी तोफखान्याची. ते लोक आरमाराचे, पण गणवेश भूदलासारखा करडा. करडी टोपी पाहून 'हा खलाशी नव्हेच' म्हणणारे तिथे फसतात.

डार्करूम | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

काका, हे वेगळ्या लेखात टाका ना. धाग्यात हरवेल.

आणि गावाच्या ढाली? शहरांची बोधचिन्हं पाणबुड्यांवर पाहिल्याचं आठवतंय.

नाखवा | मंगळवार, संध्याकाळी ७:००

होती. शहरं पाणबुडीचं पालकत्व घेत. बोट मोहिमेवरून आली की खलाशांना त्या शहरात पाहुणचार, आणि मनोऱ्यावर शहराची ढाल. हॅम्बुर्गचा तीन बुरुजांचा दरवाजा, ब्रेमेनची किल्ली, बर्लिनचं अस्वल ही चिन्हं ओळखायला सोपी. पण पालक शहर आणि खलाशाचं गाव यांचा संबंध नाही. टोपीवर किल्ली दिसली म्हणून पोरगा ब्रेमेनचा ठरत नाही, तो बव्हेरियाचाही असेल. 'प्रादेशिक' म्हणून शोधायला निघालेले इथे चकतात.

उलट बाजूने, ज्याला आपण नुसतं चित्र समजतो ती कित्येकदा नावावरची कोटी असते. यू-२०१ चा कप्तान श्ने, श्ने म्हणजे बर्फ, म्हणून चिन्ह स्नोमॅन. यू-५०५ चा पहिला कप्तान आक्सेल लोवे. लोवे म्हणजे सिंह, आक्सेलवरून कुऱ्हाड, म्हणून कुऱ्हाड घेतलेला सिंह. हा सिंह कुठल्याही प्रांताच्या ढालीवरून उतरलाय असं वाटेल, पण नाही. पुढच्या कप्तानाने चिन्ह बदललं, तिसऱ्याने शिंपला आणला. बोट तीच, चिन्हं तीन. ४ जून १९४४ ला अमेरिकनांनी ती जिवंत पकडली, आज शिकागोच्या संग्रहालयात आहे.

आणि यू-३३८ चं रानगाढव! जलावतरणाच्या दिवशी बोट वेळेआधीच घसरून पाण्यात गेली आणि समोरच्या होडीला धडकली. खलाशांनी गाढव काढलं. मला हे सगळ्यात आवडतं.

मुठाई | मंगळवार, रात्री ८:१५

आणि घोड्याची नाल कोणाची? कुठेतरी वाचलंय.

नाखवा | मंगळवार, रात्री ८:४०

यू-९९, ऑटो क्रेचमर. नांगर उचलताना त्याला नाल अडकून आली, तीच सोनेरी रंगवून मनोऱ्यावर. टोकं खाली करून. आपण दाराच्या उंबऱ्यावर ठोकतो तेव्हा कोणी वर-खाली बघत नाही, इंग्रज मात्र टोकं वरच हवीत म्हणतात, नाहीतर नशीब सांडतं. १७ मार्च १९४१ ला क्रेचमरला पकडलं ते 'वॉकर' या विनाशिकेने, आणि तिचंही चिन्ह नालच. टोकं वर.

हुपरीकर | बुधवार, सकाळी ११:३०

एल्बकाठचा साहेब, एक विचारू? तुमच्या अगदी पहिल्या फोटोत, डबीच्या झाकणाजवळ डाव्या कोपऱ्यात, गुंड्यांच्या खाली काहीतरी पितळी आहे. लांबट. एका टोकाला दाते. ते काय आहे?

एल्बकाठचा | बुधवार, संध्याकाळी ७:५०

मी ते मोडकं कुलूपाचं पान समजून बाजूला टाकलं होतं! आता नीट फोटो काढला. मासा आहे. लांबी ४१ मिलिमीटर, आज व्हर्नियर विकत घेतला. पुढे करवतीसारखं लांब नाक, डोळ्याच्या जागी एक भोक, तोंडावर हसू. शेपटीजवळ आणि परांजवळ आणखी तीन बारीक भोकं. रंग नाही, पण खोलगट जागी हिरवट काहीतरी आहे.

नाखवा | बुधवार, रात्री ८:०५

थांबा. काही घासू नका. पुसूही नका. हुपरीकर, तुम्ही आधी बोला.

हुपरीकर | बुधवार, रात्री ९:३०

ओतीव नाही. ओतीव असता तर पृष्ठभागावर सुई टोचल्यासारखी छिद्रं असती, कडा गोलसर असत्या. हा पत्र्यातून बारीक करवतीने कापलाय. नाकाच्या दात्यांत करवतीच्या उभ्या रेघा तशाच आहेत. वरच्या कडेला कानस मारली, खालच्या कडेला कंटाळा आलेला दिसतो. दाते एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सहा. भोकं आरीने पाडली आहेत, मागे फुगवटा आलाय. कारागीर दागिन्यांचा नव्हे, पण हाताला लोखंडाची सवय असलेला. शेपटीच्या भोकात मला एक धागा दिसतोय. रंग कुठला?

एल्बकाठचा | बुधवार, रात्री ९:५५

गडद निळा. किंवा काळा. दिव्याखाली निळा वाटतो.

डार्करूम | बुधवार, रात्री १०:१०

धागा काढू नका, जागेवरच अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली पाहा. युद्धानंतरच्या पुष्कळ धाग्यांत चमक आणणारी रसायनं असतात, ते झगझगीत निळसर पेटतात. तुमचा पेटला तर खेळ संपला. नाही पेटला तर खेळ संपला नाही, इतकंच.

एल्बकाठचा | गुरुवार, रात्री ९:२०

नाही पेटला. मेलेला राहिला.

नाखवा | गुरुवार, रात्री १०:४५

हसरा करवत मासा. हे यू-९६ चं चिन्ह, कप्तान हाइनरिश लेमान-विलेनब्रॉक. पण तिथेच थांबायचं नाही, कारण यू-९६ सातव्या फ्लोटिलातली, बैलवाल्यांची. १९४२ मध्ये लेमान-विलेनब्रॉक फ्रान्समधल्या ब्रेस्टच्या नवव्या फ्लोटिलाचा प्रमुख झाला आणि आपला मासा सोबत घेऊन गेला. मग नवव्या फ्लोटिलाच्या बोटीबोटींवर तोच मासा. टोपीवरचेही बहुतेक मासे तिथले. युद्धाच्या शेवटी छोट्या हल्लाबोटींच्या तुकड्यांना करवत माशाचं अधिकृत चिन्ह मिळालं, पण ते कापडी, बाहीवर, दोरखंडाच्या वर्तुळात. हा तो नव्हे.

या माशाच्या नकला जगात सर्वात जास्त, कारण यू-९६ वर चित्रपट निघाला आणि भाव चढले. त्या नकला बहुतेक ओतीव, देखण्या, दोन्ही बाजूंना सारखे दाते. तुमच्या माशाचे सात-सहा दाते मला आवडले. निळा धागा आवडला. बाजूच्या गरुडाला पिन कापून सजवणाऱ्या माणसाने हा मासा कुलपाचं पान समजून तसाच टाकला, हे सर्वात आवडलं.

तरी मी एवढंच म्हणेन: नववी फ्लोटिला, ब्रेस्ट, १९४२ नंतर, आणि टोपीला शिवलेला होता. बोटीचं नाव विचारू नका. ज्या टोपीवर तो होता ती टोपी, किंवा तो घातलेल्या माणसाचा फोटो मिळेपर्यंत, यापुढे पाऊल नाही.

एल्बकाठचा | रविवार, दुपारी ४:३०

आज आजोबांना गाठायला गेलो होतो. त्यांच्या जागी दिव्यांच्या शेड्स विकणारी बाई होती. शेजारचा म्हणाला, ते महिन्यातून दोनदाच येतात, डब्या एका बंद घराच्या आवराआवरीतून घेतात. पुढच्या खेपेला ते घर कुठलं ते विचारीन.

हुपरीकर | रविवार, संध्याकाळी ५:१५

विचारा. तोवर दोन्ही नग कोरड्या कापडात ठेवा. पॉलिश, लिंबू, काही म्हणजे काही लावू नका.

एल्बकाठचा | रविवार, संध्याकाळी ५:४०

गरुडाला उशीर झाला. हिने काल चिंच-मीठ लावून लखलखीत केला, वर विचारते आहे की दुसरं ते पितळेचं कुठे ठेवलंस. मासा माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे.